बातमीचा भार कोणी वाहायचा?

जिल्हा परिषदेच्या शाळेत माइक घेऊन शिरणारा बातमीदार आता महाराष्ट्रातल्या कुठल्याच तालुक्याला नवा राहिलेला नाही. तो चौथीच्या वर्गात जातो, एका मुलाला उभे करतो आणि नऊचा पाढा म्हणायला सांगतो. मूल ‘नऊ त्रिक सत्तावीस’पर्यंत नीट येते, मग अडते आणि जमिनीकडे बघू लागते. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर रेंगाळतो. मग माइक गुरुजींकडे वळतो: पगार किती घेता? संध्याकाळपर्यंत ती चित्रफीत गावातल्या प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप गटात पोचते आणि गुरुजींचा उद्धार सुरू होतो. या चित्रफितीत खोटे काहीच नसते. मुलाला पाढा आला नाही हे खरे, गुरुजींना पगार मिळतो हेही खरे. तरीही ही बातमी न्यायाची झाली का, हा प्रश्न उरतोच. तो बातमीदारीच्या कसबाचा प्रश्न नाही, धर्माधर्माचा आहे. खरे बोलणे पुरेसे असते का? नसेल, तर सत्याला आणखी कशाची जोड लागते? माझे म्हणणे असे की सार्वजनिक शिक्षणाची बातमी खरी असणे ही तिची पहिली पायरी आहे. तिची खरी कसोटी पुढे लागते: तिने दोषाचा भार ज्याच्या हाती निर्णय होता त्याच्यावर ठेवला, की जो हाताशी सापडला त्याच्यावर?

सत्य आणि हित यांचा हा प्रश्न फार जुना आहे. मज्झिम निकायातल्या अभयराजकुमार सुत्तात तो अगदी सरळ मांडलेला आहे. दुसऱ्याला अप्रिय वाटेल असे तथागत बोलतात का, असा पेच घेऊन राजपुत्र अभय बुद्धांकडे येतो. होय म्हणावे तर सामान्य माणसात आणि त्यांच्यात फरक काय उरला, आणि नाही म्हणावे तर देवदत्ताविषयी ते कठोर बोलले ते कसे? बुद्ध एकेरी उत्तर देत नाहीत. अभयच्या मांडीवर त्याचे तान्हे मूल असते. ते दाखवून बुद्ध विचारतात, या मुलाने काडी किंवा खडा तोंडात घातला तर तू काय करशील? अभय म्हणतो, काढीन, रक्त आले तरी बोट घालून काढीन, कारण मला मुलाची करुणा आहे. त्यावरून बुद्ध वाणीचे नियम सांगतात. खोटे कधीच बोलायचे नाही. खरे असूनही अहितकर असेल तर तेही नाही, मग ते ऐकणाऱ्याला कितीही गोड लागो. खरे आणि हितकर असेल तर ते अप्रिय असले तरी बोलायचे, मात्र योग्य वेळ पाहून. या दाखल्याचे मर्म बोट कुठे जाते यात आहे. बोट खड्याकडे जाते. मुलाला दुखते, पण दुखवणे हा हेतू नसतो आणि खडा बाहेर आल्याशिवाय काम संपत नाही. पाढ्याच्या चित्रफितीत मूल दुखावते आणि खडा मात्र जागच्या जागी राहतो.

याचा अर्थ बातमीदाराने शाळेत जाऊच नये असा मुळीच नाही. महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक शाळा आहेत आणि त्यांतल्या साठ हजारांहून अधिक सरकार आणि स्थानिक स्वराज्य संस्था चालवतात. डोंगरातल्या वाडीवरच्या शाळेत आठवडाभर शिक्षक आला नाही, पोषण आहाराचा तांदूळ किडका निघाला, पावसाळ्यात वर्गाचे छत गळू लागले, हे मुंबई-पुण्याच्या संपादकाला कळण्याचा मार्ग तालुक्याच्या वार्ताहरावाचून दुसरा नाही. मराठी पत्रकारिता आणि शाळा यांचे नाते तर पहिल्या दिवसापासूनचे आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर स्वतः अध्यापक होते. पुढे त्यांनी शाळा तपासल्या आणि शिक्षक घडवण्याचेही काम केले. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल काढणाऱ्या मंडळींनीच १८८१ मध्ये ‘केसरी’ आणि ‘मराठा’ सुरू केले. समाजाला शहाणे करायचे तर शाळा आणि वृत्तपत्र ही दोन्ही साधने लागतात, ही त्यांची धारणा होती. म्हणून शाळेवर लिहिणाऱ्या बातमीदाराला मी उपरा मानत नाही. तो या परंपरेचा वारसदार आहे आणि त्या नात्यानेच त्याच्याकडून जास्त मागावे असे मला वाटते.

निर्भय स्थानिक बातमी काय करू शकते आणि तिची किंमत काय असते, हे उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूर जिल्ह्यात ऑगस्ट २०१९ मध्ये दिसले. सियूर गावच्या प्राथमिक शाळेत मुले मध्यान्ह भोजनात पोळीबरोबर नुसते मीठ खात असल्याचे पवन जयस्वाल या स्थानिक पत्रकाराने चित्रित केले. प्राथमिकच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम धान्य, ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत असा या योजनेचा नियम आहे. शिजवलेले जेवण देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ लाच दिलेला होता. ताटातले मीठ म्हणजे त्या नियमाचा आणि त्या आदेशाचा उघड भंग होता. प्रशासनाने मात्र पत्रकारावरच कट आणि फसवणुकीचा गुन्हा नोंदवला. देशभर टीका झाली, प्रेस कौन्सिलने दखल घेतली आणि डिसेंबरमध्ये पोलिसांनी तपासाअंती त्यांचे नाव वगळले. या प्रकरणातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक, इथे बोट खड्याकडे गेले होते. प्रश्न मुलांना विचारलेला नव्हता, सरकारच्या स्वयंपाकघराला विचारलेला होता. दोन, सगळा पुरावा ताटात होता. मुलांचे चेहरे दिसले नसते तरी त्या बातमीचे बळ तसूभरही कमी झाले नसते. ज्या पुराव्याने काम भागते त्याहून अधिक मूल दाखवायचे नाही, हा नियम मला या घटनेतूनच सुचतो, आणि त्या पत्रकाराच्या धैर्याबद्दलचा आदर त्याने कमी होत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. मुलाला पाढा का आला नाही? या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर शोधायला निघालेला बातमीदार वर्गाच्या उंबऱ्यावर थांबू शकत नाही. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. शाळा पहिली ते चौथीची असेल तर एका गुरुजींकडे एका वेळी दोन इयत्ता येतात आणि दुसरे गुरुजी प्रशिक्षणाला, बैठकीला किंवा रजेवर गेले की चारही. त्याच कायद्याचे कलम २७ शिक्षकांना शिक्षणाबाहेरची कामे देण्यास मनाई करते, पण जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका यांची सवलत ठेवते. निवडणुका ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंतच्या असल्याने ती सवलत बरीच लांब पसरते. पटावर किती मुले दाखवली यावर संचमान्यता ठरते, संचमान्यतेवर शिक्षकाचे पद ठरते, आणि रिकाम्या पदावर माणूस कधी पाठवायचा हे मंत्रालय, आयुक्तालय आणि जिल्हा परिषद यांच्या फायलींवर ठरते. तीस मुलांपर्यंतच्या शाळेला समग्र शिक्षाच्या निकषाने वर्षाला १०,००० रुपये संयुक्त शाळा अनुदान मिळते. म्हणजे महिन्याला साडेआठशेही पडत नाहीत. विजेचे बिल, खडू, रजिस्टर, किरकोळ दुरुस्ती आणि स्वच्छता त्यातच बसवायची असते. अशा शाळेच्या तुटक्या स्वच्छतागृहापुढे उभे राहून मुख्याध्यापकांना ‘तुम्हाला लाज वाटत नाही का’ असे विचारणे सोपे आहे. पण दुरुस्तीचा प्रस्ताव कधी गेला, तो कोणत्या टेबलावर अडला आणि मंजुरी कोणाच्या सहीने व्हायची होती, हे विचारल्याशिवाय बातमी पुरी होत नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीला पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, नाना प्रकारच्या क्रिया आणि दैव. हे सगळे असताना जो एकट्यालाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही, असा तिथला निर्णय आहे. तो संदर्भ आत्म्याच्या अकर्तेपणाचा आहे, बातमीदारीचा नव्हे, याची मला जाणीव आहे. पण घडलेल्या गोष्टीमागची कारणे अनेक असतात आणि एकाच्याच माथी सगळे मारणारी दृष्टी अपुरी असते, हा विचार मोक्षमार्गाइतकाच न्यायालाही लागू पडतो. यावर आक्षेप येईल की कारणे अशी वाटत गेलो तर शेवटी कोणीच जबाबदार राहत नाही. सरकारी चौकशा नेमक्या याच वाटेने विरतात. आक्षेप महत्त्वाचा आहे. पण त्या पाच कारणांत कर्ता आहेच, तो कुठे गळालेला नाही. कारणे मोजायची ती प्रत्येकाचा वाटा ठरवण्यासाठी. वाटा ठरवताना निकष एकच ठेवता येतो: या माणसाला वेगळे वागणे शक्य होते का? ज्याच्या हाती जितका निर्णय, त्याच्यावर तितका भार. दारू पिऊन वर्गात येणाऱ्या शिक्षकाला न पिता येणे शक्य होते. तिथे भार त्याचाच, आणि त्याला पाठीशी घालणाऱ्या वरिष्ठांचाही. चार इयत्ता एकट्याने सांभाळणाऱ्या शिक्षिकेला पाचवे काम नाकारणे शक्य नव्हते. तिथे भार तिला ते काम लावणाऱ्यावर जातो.

वर चढत जाण्याची ही रीत परकी नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी खेड्यातली मुले शाळेत येत नाहीत म्हणून शेतकऱ्यांना बोल लावला नाही. शेतकऱ्यांच्या घामातून उभा राहिलेला महसूल उच्चवर्णीयांच्या वरच्या शिक्षणावर का खर्च होतो, असा त्यांचा प्रश्न होता. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी त्यांची मागणी होती, आणि शिक्षकांची तयारी, त्यांचा पगार, अभ्यासक्रम, निधीची वाटणी या सगळ्यांवर ते नेमकेपणाने बोलले. शाळा बिघडलेली आहे एवढे सांगून ते थांबले नाहीत. पैसा कुठून येतो आणि कुठे जातो हे त्यांनी मांडले. शाळेच्या बातमीचा याहून चांगला आदर्श मला मराठीत दिसत नाही.

पुराव्याच्या बाबतीत दुसरा एक धडा त्याच वर्षीचा आहे. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी यांचा छळ होतो आहे अशी वार्ता होती. त्या रोषातून ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर आरोप केले, आणि त्यांचा आधार होता बर्व्यांच्या म्हणून हाती आलेल्या काही पत्रांचा. ती पत्रे बनावट निघाली. टिळक आणि आगरकर या दोघांनाही शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. महाराजांविषयीची त्यांची कळकळ खरी होती. महाराज पुढच्याच वर्षी अहमदनगरला पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीनंतर वारले. म्हणजे चिंता योग्य होती आणि पुरावा खोटा होता. शाळेच्या बातमीदाराने हे प्रकरण नेहमी मनात वागवावे, कारण त्याच्याकडे येणारी कागदपत्रे बहुधा कुणाच्या तरी भांडणातून येतात. बदलीवरून दुखावलेला सहकारी, शाळा व्यवस्थापन समितीतला पराभूत गट, शेजारच्या खाजगी शाळेचा संस्थाचालक, ग्रामपंचायत निवडणुकीतला प्रतिस्पर्धी, यांपैकी कोणीही हजेरीपटाचा फोटो पाठवू शकतो. फोटो खरा असूनही अर्धा असू शकतो. ज्या दिवशी शिक्षकाची सही नाही त्या दिवशी त्याला मतदार यादीच्या कामाचा आदेश होता का, हे दुसऱ्या कागदावर असते. माहिती अधिकार कायदा २००५ त्यासाठीच आहे. अर्ज केल्यावर तीस दिवसांत उत्तर मिळायला हवे. आपला हेतू शुद्ध आहे म्हणून कागद तपासायला नको, ही समजूत सज्जन बातमीदाराला सर्वांत जास्त फसवते.

आकड्यांचेही असेच आहे. दरवर्षी नाही तरी वरचेवर ‘पाचवीच्या मुलांना दुसरीचे वाचता येईना’ असा मथळा छापून येतो आणि त्याखाली आपल्या तालुक्यातल्या एखाद्या शाळेचे छायाचित्र असते. आकडा बहुधा ‘असर’ या पाहणीचा असतो. प्रथम संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होणारी ही पाहणी ग्रामीण भागात घरोघर जाऊन केली जाते. जिल्ह्यातली ३० गावे आणि प्रत्येक गावातली २० घरे निवडतात. त्या घरांतली मुले सरकारी शाळेतली असतात तशी खाजगी शाळेतलीही असतात. पाहणी मोलाची आहे, पण ती कोणत्याही एका शाळेविषयी किंवा एका तालुक्याविषयी काहीच सांगत नाही. तिचा तसा दावाही नाही. शिवाय एका वर्षाच्या आकड्यापेक्षा त्याची दिशा जास्त बोलते. देशभरातल्या सरकारी शाळांत तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी मुले २०२२ मध्ये १६.३ टक्के होती, २०२४ मध्ये ती २३.४ टक्के झाली. नुसते २३.४ छापले तर ती नालस्ती ठरते, नुसती वाढ छापली तर ती जाहिरात ठरते, आणि दोन्ही शेजारी ठेवून यामागे काय झाले असे विचारले तर ती बातमी होते. आकडे तपासण्याचा उलटा धडा ३ ते ५ ऑक्टोबर २०११ च्या पटपडताळणीने दिला. एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना शाई लावून राज्यभर मोजणी झाली, आणि कित्येक शाळांचा पट कागदावरच फुगलेला निघाला. त्या फुगवट्यावर अनुदान आणि पदे उभी होती. शाई मुलांच्या बोटाला लागली, पट मात्र मोठ्यांनी फुगवला होता. असा फुगवटा वर्षानुवर्षे टिकतो, कारण शाळेने दिलेला पट आपण न मोजता छापत राहतो.

मुलाच्या बाबतीत कायदा पत्रकारितेच्या नेहमीच्या सवयीपेक्षा पुढे आहे. लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्याचे कलम २३ पीडित बालकाचे नुसते नावच नव्हे, तर पत्ता, छायाचित्र, कुटुंबाची माहिती, शाळा आणि परिसरही उघड करण्यास मनाई करते. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ चा रोखही तोच आहे. पण कायदा फक्त शेवटची रेघ ओढतो आणि नैतिक काळजी त्या रेघेच्या खूप अलीकडे सुरू होते. अकरा पटाच्या शाळेत ‘चौथीतली एक मुलगी’ एवढे लिहिले तरी गावाला नाव सांगितल्यासारखेच आहे. चेहरा पुसट केला तरी तिचे दप्तर, आवाज आणि मागची भिंत गावाला पुरते. पाढा न येणारा मुलगा उद्याही त्याच गावात राहणार असतो, आणि ती चित्रफीत त्याच्या दहावीपर्यंत कोणाच्या तरी मोबाइलमध्ये असते. त्याने संमती दिलेली नसते, कारण ती देण्याचे त्याचे वय नसते, आणि माइक घेऊन आलेल्या मोठ्या माणसाला नाही म्हणण्याची ताकदही त्याच्यात नसते. मुख्याध्यापकांची परवानगी ही त्याच्या आईवडिलांची परवानगी नव्हे. म्हणून नियम साधा असावा: मुलाचे अपयश हे व्यवस्थेचा पुरावा म्हणून मांडायचे असेल तर ते निनावी मांडावे आणि एका मुलावर उभे करू नये. मुलाचा संताप, त्याची मागणी किंवा त्याचे कर्तृत्व मांडायचे असेल तर आईवडिलांना विचारून, त्याला समजेल अशा भाषेत सांगून मांडावे. बातमीत मुलाला बोलू द्यावे, त्याला परीक्षेला बसवू नये.

भार योग्य जागी ठेवायचा तर लिहिणाऱ्याचा हात मोकळा हवा, आणि इथेच स्थानिक पत्रकारितेची सर्वांत मोठी अडचण आहे. तालुक्याच्या वार्ताहराला बातमीबद्दल मिळते ते नाममात्र असते. त्याचे घर जाहिरातींच्या कमिशनवर चालते. जूनमध्ये प्रवेशाच्या जाहिराती, १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीच्या शुभेच्छा, संस्थापकांच्या वाढदिवसाच्या पुरवण्या हे सगळे देणारे शिक्षणसंस्थांचे चालक असतात, आणि त्यांतले पुष्कळसे राजकारणातही असतात. अनेक वार्ताहर स्वतः कुठल्यातरी संस्थेत शिक्षक किंवा प्राध्यापक असतात. याचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही. जाहिरात न देणारी जिल्हा परिषदेची शाळा टीकेला मोकळी सापडते आणि जाहिरात देणारी खाजगी संस्था कौतुकाच्या मजकुरात बसते. वाचणाऱ्या पालकाला वाटते की सरकारी शाळा तेवढ्या बिघडल्या आहेत. १९४३ मध्ये पुण्यात रानडे यांच्या जयंतीनिमित्त केलेल्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी भारतातली पत्रकारिता धर्म सोडून धंदा झाल्याची खंत बोलून दाखवली होती, आणि २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीतल्या पैसे घेऊन छापलेल्या बातम्या पी. साईनाथ यांनी उजेडात आणल्या तेव्हा ती खंत किती खरी होती हे दिसले. जाहिरातीशिवाय गावचे पत्र किंवा चॅनेल चालणार नाही हे मान्य केले, तरी एक गोष्ट प्रत्येकाला आजच करता येते. ज्या संस्थेची जाहिरात घेतो, जिथे नोकरी करतो, जिथे आपले नातलग आहेत, तिच्यावर लिहिताना ते बातमीतच सांगावे. आणि पैसे घेऊन छापलेला मजकूर बातमीच्या वेशात छापू नये. वाचकाला तेवढे माहीत असेल तर तो स्वतः वजन ठरवू शकतो.

यावर सर्वांत जोरदार आक्षेप असा येईल की तुटपुंज्या मानधनावरच्या माणसावर इतक्या अटी लादल्या तर तो शाळेवर लिहिणेच सोडेल, आणि त्याच्या गप्प बसण्याचा फायदा नेमका सत्तेतल्यांना होईल. प्रेस कौन्सिलचे नियम वृत्तपत्रांपुरते आहेत आणि तिच्या हातीही ठपका ठेवण्यापलीकडे फारसे काही नाही. मग मोबाइलवर चॅनेल चालवणाऱ्या एकट्या तरुणाने हे ओझे का घ्यावे? माझे उत्तर असे की या अटी सगळीकडे सारख्या जड नाहीत. मुलाविषयी त्या फार कडक आहेत, शिक्षकाविषयी मध्यम, आणि अधिकारी, संस्थाचालक, मंत्री यांच्याविषयी सर्वांत सैल. ज्याच्या हाती अधिकार आहे त्याला अवघड प्रश्न विचारायला कोणाच्या संमतीची गरज नाही. अपुऱ्या माहितीवरही प्रश्न विचारता येतो, फक्त आरोप करता येत नाही. शिवाय वर चढायला पैसा कमी आणि चिकाटी जास्त लागते. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. अनुदान कुठे खर्च झाले यावर लक्ष ठेवणे हे कायद्याने त्यांचेच काम आहे. समितीची बैठक कधी झाली, इतिवृत्तात काय आहे, तिथे सही करणाऱ्या आईला त्या सहीचा अर्थ कोणी सांगितला का, एवढे विचारणारा बातमीदार वर्गात माइक नेणाऱ्यापेक्षा कमी वेळात खड्यापर्यंत पोचतो.

दुसरा आक्षेप पालकांचा आहे आणि तो मला जास्त टोचतो. ते म्हणतील, शिक्षक दुबळा कुठला? त्याच्या संघटना आहेत, पगार आमच्या कैक पट आहे, त्याच्यामागे पुढारी आहेत. आमचे मूल मात्र रोज पाच तास त्याच्या ताब्यात असते. हे खरे आहे. आपल्या जागी दुसऱ्यालाच उभे करणारे, मारणारे, जातीवरून हिणवणारे शिक्षक आहेत. २०२१ मध्ये शिक्षक पात्रता परीक्षेतला गैरव्यवहार उघड झाला तेव्हा परीक्षा परिषदेच्या आयुक्तालाच अटक झाली आणि पुढे साडेसात हजारांहून अधिक उमेदवार अपात्र ठरले. वर्गात शिक्षकच सत्ताधारी असतो, म्हणून वर्गात त्याने स्वतः जे केले त्याचा पूर्ण भार त्याच्यावर ठेवायलाच हवा, नाव घेऊन ठेवायला हवा. अट एवढीच की तो पुराव्याने ठेवावा, त्याचा खुलासा घेऊन ठेवावा, आणि चौकशीत तो निर्दोष ठरला तर ते तितक्याच ठळकपणे छापावे. पहिल्या पानावर आरोप आणि सातव्या पानाच्या तळाशी खुलासा, ही जोडी सत्याची नाही.

तिसरा आक्षेप उलट बाजूने येतो. सरकारी शाळांवर टीका केली की पालक मुलांना इंग्रजी माध्यमाच्या खाजगी शाळेत घालतात, पट घटतो, आणि वीस पटाखालच्या शाळा बंद करण्याचे विषय पुन्हा निघतात. तेव्हा या शाळांच्या हितासाठी थोडे सांभाळून लिहावे, असे कळवळ्याने सांगणारे शिक्षणप्रेमी पुष्कळ आहेत. त्यांचा हेतू मला समजतो, पण सल्ला पटत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत आज कोणाची मुले आहेत? ऊसतोड मजुराची, शेतमजुराची, धनगर-पारध्याची, ज्यांना फी परवडत नाही त्यांची. त्यांच्यापासून त्यांच्याच शाळेची स्थिती लपवणे म्हणजे ज्यांना दुसरा पर्यायच नाही त्यांना अंधारात ठेवणे. खडा दिसत असताना मुलाला दुखेल म्हणून हात आखडणे ही करुणा नव्हे. सांभाळायचे ते शाळेच्या प्रतिमेला नाही, तिच्यातल्या मुलाच्या हक्काला. घटनेच्या कलम २१-अ ने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला दिलेला हक्क चांगल्या बातमीचा नाही, शिक्षणाचा आहे.

शेवटी परिणामाचा दाखला दिला जातो: चित्रफीत फिरली आणि दोन दिवसांत नळ बसला, मग पद्धत चुकीची कशी? नळ बसला याचा आनंदच आहे. पण त्या दोन दिवसांत काय सिद्ध झाले याचाही विचार करावा. निधी होता, अधिकार होता, इच्छा नव्हती. असे असेल तर ज्या शाळेत कॅमेरा पोचला नाही तिथला नळ का बसत नाही, हीच खरी बातमी आहे, आणि नळ बसलेल्या दिवशी ती सोडून देणारा बातमीदार अधिकाऱ्याला सर्वांत सोयीचा ठरतो. म्हणून पाठपुरावा हा मी कौशल्याचा भाग मानत नाही, कर्तव्याचा मानतो. ज्या शाळेवर लिहिले तिथे सहा महिन्यांनी परत जावे, काय बदलले ते लिहावे, आपली आधीची बातमी चुकली असेल तर तेही लिहावे, आणि वरच्या टेबलावर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आले नाही तर ते येईपर्यंत तोच प्रश्न छापत राहावे. प्रत्येक बातमी सोडण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारता आला तर बहुतेक सगळे नियम त्यात येतात: ही बातमी वाचून उद्या सकाळी कोणाला उत्तर द्यावे लागेल? ते उत्तर चौथीतल्या मुलाला द्यावे लागणार असेल तर बातमी अजून तयार झालेली नाही. गटशिक्षणाधिकाऱ्याला, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला, संस्थाचालकाला किंवा मंत्र्याला द्यावे लागणार असेल, आणि लिहिलेले खरे असेल, तर ती कितीही अप्रिय असली तरी छापावी. ती छापणे हे त्या मुलाचे आपल्यावर असलेले ऋण आहे.